चपलेच्या वासाचं गोड

ताईच्या घरात ओव्हन होता, पण ओव्हन म्हणून तो कुणी वापरलेला मी पाहिला नव्हता. ते कपाट होतं. दार उघडलं की वरच्या जाळीवर तवा, खाली दोन कढया, एकात एक बसवलेली पातेली, पापडाचा डबा आणि उरलेल्या जागेत घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याच्याही खाली, जमिनीलगत, पुढे पडणाऱ्या झाकणाचा एक पत्र्याचा खण होता. त्यात गावी न्यायच्या वस्तू असत. आखातातली माणसं वर्षभर गावासाठी खरेदी करतात आणि वर्षभर ती कुठे ठेवायची म्हणून भांडतात. ताईच्या पलंगाखाली साबण आणि पावडरी होत्या, कपाटावर ब्लँकेट होतं, आणि ओव्हनाखालच्या खणात घरच्या सगळ्यांसाठी घेतलेल्या रबरी चपला, प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत बांधून. नव्या चपला म्हणजे चपला नव्हेत, सामान, असं ताईचं म्हणणं. म्हणून त्या स्वयंपाकघरात चालत होत्या. पायात घातलेली चप्पल मात्र दाराच्या आत आलेली तिला चालत नसे.

ही शारजाची गोष्ट. अल मजाजला आज तळ्याकाठी टॉवर दाटीनं उभे आहेत, तिथे तेव्हा मोजक्या इमारती आणि बरीचशी रेती होती. ताईचं बाळंतपण झालं तेव्हा तिच्या मदतीला म्हणून मला कोकणातून आणलं होतं. माझी शाळा चौथीला संपली, त्यामुळे मी कुठेही पाठवायला मोकळीच होते. विमानात बसले तेव्हा गावच्या बायकांना वाटलं बेबीचं नशीब उघडलं. नशीब कसलं, बाळाची दुपटी तीच, फक्त इथे ती गच्चीत वाळत घातली की खाली येईपर्यंत कडक होत. दिवसभर खिडकीतला एसी गिरणीसारखा घरघरायचा, तो बंद झाला की बाळ उठायचं, बाळ उठलं की ताई ओरडायची, आणि ताई ओरडली की शेजारची फिलोमिना भिंतीवर ठोकायची. संध्याकाळी भाऊजी येत. ते एका कंपनीत हिशेबाला होते. कुठल्याही वस्तूची किंमत दिरहममध्ये ऐकली की ते मोठ्यानं तिचे रुपये करत आणि मग आम्हाला ती वस्तू गिळवत नसे. टोमॅटोसुद्धा आम्ही रुपयांत खाल्ले.

त्या घरात मला मार नव्हता, उपास नव्हता. पण एक गोष्ट माझ्या लवकर लक्षात आली. आमटी चांगली झाली की ती ताईनं केलेली असायची. खारट झाली की, ‘आज बेबीनं केलीय.’ कपडे पांढरे निघाले तर ताईची साबणाची निवड, डाग राहिला तर माझा हात. ती काही वाईट बाई नव्हती. लग्नाआधी आईच्या हाताखाली तिचंही असंच झालं होतं, आणि आता तिला हाताखाली कुणीतरी मिळालं होतं. पण मला ते समजून घ्यायची हौस नव्हती, आणि आजही नाही.

माझा व्हिसा संपत आला आणि माझं काय करायचं हा प्रश्न निघाला. गावी आई-वडील नव्हते, दादा आणि वहिनी होते. वहिनीनं माझ्यासाठी एक बिजवर हेरून ठेवला होता. पिठाची गिरणी, तीन मुलं, आणि मोठी मुलगी माझ्याच वयाची. वहिनीनं कळवलं होतं की माणूस देवासारखा आहे, फक्त ऐकू कमी येतं. गिरणीजवळ राहून ते सगळ्यांचंच कमी होतं म्हणे. व्हिसा संपला की मी गावी, आणि गावी गेले की गिरणीत, हे ठरल्यासारखंच होतं. त्यातून सुटायची एकच वाट होती. अबुधाबीला एक मुलगा होता, आमच्याच तालुक्यातला, तेल कंपनीच्या ऑफिसात नोकरीला, विधवा आई त्याच्याकडेच राहायला आलेली. भाऊजींच्या ओळखीतून निरोप गेला आणि एका शुक्रवारी ते दोघं बघायला येणार असं ठरलं.

“पोहे करायचे ना?” मी विचारलं.

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला चुलीवर बसायला सांगितलं होतं. “अगं, मुलगा इंग्रजांबरोबर बसतो-उठतो. त्याच्यापुढे पोहे ठेवायचे? काहीतरी बेक करायचं.”

“कशात?”

“ओव्हनात, आणखी कशात!”

फिलोमिना गोव्याची. ती एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना सांभाळायची आणि तिथल्या मडमांकडून बरंच काही शिकून आली होती. ताईची एकच अट होती, अंडं नको, कारण मुलाच्या आईचे बरेच वार असतात असं ऐकलं होतं. फिलोमिनानं कॉबलर सांगितलं. डब्यातलं फळ घ्यायचं, पसरट भांड्यात ओतायचं, वर मैदा, साखर, लोणी, दूध फेटून त्याचे गोळे टाकायचे आणि भाजायचं. वरून खडबडीत दिसलं की झालं. “चुकायला काही जागाच नाय,” ती म्हणाली. तिला आमच्या घराची कल्पना नव्हती.

कॉबलर या पदार्थाबद्दल मला आता जरा माहिती आहे. माझी नात अबुधाबीच्या खलिफा सिटीत राहते आणि दर आठवड्याला काहीतरी भाजते. कधी पीच, कधी सफरचंद, कधी कसल्यातरी जांभळ्या गोळ्या ज्यांची किंमत मी विचारायची बंद केली आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींना वाटतं की दुसरीला सगळं कळलं. घरगुती, साधं, आजीच्या हातचं गोड, असं त्या पदार्थाचं कौतुक असतं म्हणे. कुणाच्या आजीच्या? माझ्या आजीनं नाचणीच्या भाकरीवर गूळ ठेवून दिला तर तो दिवस सणाचा. शिऱ्याला पातेलं पुरतं, पुरणाला हात पुरतात. एवढी मोठी भट्टी पेटवून शेवटी चमच्यानंच खायचं असेल तर ते आधीच पातेल्यात का करू नये, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि पीच हे फळ! रंग हापूसचा, तोंडात घातलं की भोपळा.

तर शुक्रवार उजाडला. ताईनं सकाळीच ओव्हन रिकामा करायला घेतला. तवा, कढया, पातेली, पापडाचा डबा, पिशव्या. ओट्यावर मावेना, म्हणून सगळं न्हाणीघरातल्या टबात नेऊन ठेवलं. तो टबही कुणी आंघोळीला वापरत नव्हतं, आम्ही बादलीवाले. भाऊजींनी ओव्हन पेटवायचं काम अंगावर घेतलं, कारण ते पुरुष होते आणि काडेपेटी त्यांच्याकडे होती. तीन काड्या विझल्या, चौथीला भप्प आवाज झाला आणि भाऊजी मागे सरकून म्हणाले, “खलास! पेटला.” खालच्या खणाची कुणालाच आठवण झाली नाही. मलाही नाही. तो खण आमच्या डोक्यात ओव्हनाचा भागच नव्हता. ते गाव होतं.

कॉबलर आत गेलं. ताई अंबाड्यात गजरा माळायला गेली, आणि मी बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. थोड्या वेळानं वास यायला लागला. आधी लोण्याचा आला, तो बरा होता. मग दुसरा आला.

“ताई, रबर जळल्यासारखा वास येतोय.”

“तुला काय कळतंय? तो बेकिंगचा वास असतो.”

“भाऊजी, तुम्ही बघा.”

भाऊजींनी दारातूनच नाक वर केलं. “नवा ओव्हन पहिल्यांदा तापला की असा वास सुटतो. आमच्या ऑफिसातल्या हीटरला पण यायचा.”

घरात एकानंही आयुष्यात काही बेक केलेलं नव्हतं, त्यामुळे बेकिंगचा वास कसा असतो हे ठरवायला ताईला पूर्ण मोकळीक होती. तिनं खिडकी उघडली, बाहेरची गरम हवा आत आली, वास होता तिथेच राहिला. तिनं उदबत्ती लावली. मग चंदन आणि रबर असे दोन वास झाले.

पाहुणे आले. मुलगा उंच, टाय लावलेला. दारात पाऊल टाकलं आणि म्हणाला, “नाइस फ्लॅट.” पडदा पाहिला, “नाइस.” बाळ पाहिलं, “नाइस बेबी.” ताईनं बाहेरच्या उन्हाबद्दल तक्रार केली, त्यावरही तो “नाइस” म्हणाला, मग जरा थांबून “आय मीन, हॉट” म्हणाला. आई मात्र वेगळीच निघाली. ताईनं मनात काहीतरी गॉगलवाली बाई धरली होती. आली ती सुती लुगड्यातली, हातात मेथीच्या दोन जुड्या, वाटेत बाजारात स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या. सोफ्यावर बसली तसा करकर आवाज झाला.

“ह्याचं प्लॅस्टिक काढलं नाही का अजून?”

“खराब होतो ना सोफा,” ताई हसत म्हणाली.

“मग बसायचं कधी त्याच्यावर? परत देताना?”

भाऊजींनी खोकल्यासारखं केलं. मला त्या बाईकडे पाहावंसं वाटलं, पण बघायच्या कार्यक्रमात मुलीनं खाली बघायचं असतं. मी खाली पाहून तिच्या पायांकडे पाहिलं. टाचा फुटलेल्या होत्या. तेल कंपनीच्या घरातल्या टाचा नव्हत्या त्या.

मग ताईनं पदार्थ आणला. काचेच्या भांड्यात, खाली टॉवेल घेऊन, दोन्ही हातांनी, आरतीचं ताट आणावं तसा. वरून तांबूस झाला होता, खरं सांगायचं तर दिसायला चांगलाच होता. “पीच कॉबलर,” ती म्हणाली. “मला ना, बेकिंगची फार आवड. इंग्रजी पद्धतीचं सगळं करते मी. हिलाही शिकवतेय हळूहळू.” हिला म्हणजे मला. बश्या भरल्या गेल्या. मुलानं चमचाभर तोंडात घातलं, चेहरा अगदी स्थिर ठेवला, गिळलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, “व्हेरी नाइस.” मग सगळं संपवलं. ताईनं आणखी वाढलं, तेही संपवलं. त्या माणसाचे डोळे पाण्यानं भरले होते आणि तो मान डोलावत होता.

त्याच्या आईनं एक घास घेतला, चावला, थांबली, आणि पदर आडवा धरून तो घास हातावर काढला.

“ह्याला चपलेचा वास येतोय.”

मग ताई म्हणाली, आणि तिला म्हणायला जराही वेळ लागला नाही, “आज बेबीनं केलंय हो. पहिल्यांदाच केलं बिचारीनं. मी म्हटलं, करू दे, मुलाकडच्यांना हातची चव कळू दे.”

त्या क्षणी मला काय काय दिसलं ते सांगते. गिरणी दिसली. पिठानं पांढरा झालेला तो देवमाणूस दिसला, आणि त्याला दोनदा हाक मारून तिसऱ्यांदा ओरडणारी मी दिसले. हे लोक आता उठणार, खाली टॅक्सीत बसणार, आणि ‘मुलीला स्वयंपाक येत नाही’ एवढाच निरोप मागे येणार. गप्प बसले तरी स्थळ जाणार होतं आणि बोलले तरी जाणार होतं. मग गप्प का बसायचं?

“मी नाही केलं,” मी म्हणाले. “मला पोहे करायचे होते. आणि मावशी, तो वास चपलेचाच आहे. ओव्हनाच्या खालच्या खणात गावी न्यायच्या चपला आहेत. मला आत्ता आठवलं.”

“बेबी!” ताई.

“या अल्ला,” भाऊजी. इतकी वर्षं इथे राहून त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ते मनापासून निघालं, आणि ते स्वयंपाकघराकडे धावले.

आम्ही सगळे मागोमाग गेलो. भाऊजींनी ओव्हन बंद केला, फडक्यानं धरून खालचं झाकण ओढलं. आतून जो वास आला त्यानं बाळसुद्धा शिंकलं. पिशव्या वितळून चपलांना चिकटल्या होत्या, चपला एकमेकींना चिकटल्या होत्या. दादाची निळी वहिनीच्या गुलाबीच्या गळ्यात पडली होती. घरात त्या दोघांना इतक्या जवळ मी कधी पाहिलं नव्हतं. ताई रडायला लागली. मुलगा मागे उभा राहून म्हणाला, “इट्स ओके, क्रस्ट वॉज नाइस.” आणि त्याची आई हात धुवायला म्हणून न्हाणीघरात गेली ती तिथूनच ओरडली, “अगंबाई, इथे टबात कढया पोहतायत!”

मग ती हसायला लागली. हसत हसत बाहेर आली, स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसली, डोळे पुसले, परत खणात डोकावली आणि परत हसली. त्या घरात कुणी इतकं हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. फिलोमिनानं भिंतीवर ठोकलं.

“जा गं,” ती मला म्हणाली, “टबातनं कढई आण आणि पोहे कर. मला सकाळपासनं भूक लागलीय. तुमच्या इंग्रजी जेवणाच्या आशेनं मी घरून काही खाऊन निघाले नाही.”

ताई भाऊजींबरोबर हॉलमध्ये गेली. मुलगाही गेला, तो तिथे बसून काय नाइस म्हणत होता ते ऐकू आलं नाही. मी कांदा चिरायला घेतला. बाई मेथीची जुडी सोडून तिथेच निवडायला बसली, जशी काही आमच्याच घरात राहत होती.

“मुलगा कसा वाटला?” तिनं विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. ताईनं नाही, दादानं नाही. गिरणीवाल्याबद्दल तर मला नावसुद्धा सांगितलं नव्हतं कुणी.

“खोटं बोलतात,” मी म्हणाले. “दोनदा घेतलं त्यांनी.”

“तो सगळ्यालाच चांगलं म्हणतो. बापावर गेलाय. जळकं घाल, कच्चं घाल, चांगलंच म्हणणार. पण आवाज चढवायचा नाही, हात उचलायचा नाही, एवढं मी सांगते.” तिनं मेथीची एक काडी मोडली. “तुझं काय? गरज आहे म्हणून हो म्हणशील का मनापासनं?”

“गरज आहे,” मी म्हणाले. “नाहीतर मला गावी गिरणीवाल्याला देणार आहेत. तीन मुलांचा बाप आहे आणि त्याला ऐकू येत नाही.”

“बरं.”

“तुम्ही घरातच राहणार का? का गावी परत जाणार?”

“मी कुठे जातेय? मला तिथे कोण आहे?”

“मग चालेल मला,” मी म्हणाले.

तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, “पोह्यात साखर घालू नकोस. मला आवडत नाही.” बाहेर जाऊन तिनं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण फोडणी तडतडत होती. पोहे घेऊन गेले तेव्हा भाऊजी पेढे कुठे मिळतील याचा विचार करत होते आणि मुलानं पोह्यांचा पहिला घास घ्यायच्या आधीच “नाइस” म्हणून टाकलं होतं.

लोक लग्न ठरल्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा नजरानजर वगैरे सांगतात. मी नवरा पाहिला नाही, सासू पाहिली, आणि ती बघून हो म्हटलं. सून मला म्हणते, “आई, हे काय बोलता, मुलांसमोर?” मुलांना काय, त्यांना इंग्रजीत सांगितलं की सगळंच चालतं.

ताई माझ्याशी लग्नापर्यंत बोलली नाही. त्याचा त्रास मला फार झाला नाही, शांतता मिळाली. चपला मात्र भाऊजींनी टाकू दिल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे त्यांचे रुपये केले आणि सुरी घेऊन एकेक सोडवत बसले. लग्नाला गावी गेलो तेव्हा त्या वाटल्या गेल्या. ‘दुबईच्या आहेत, टाच अशीच असते,’ असं ताईनं सांगितलं आणि गावानं मान्य केलं. कुणाचा अंगठा बाहेर, कुणाचा पट्टा आखूड. वाटायचं काम माझ्याकडे होतं. वहिनीच्या वाट्याला दोन्ही डाव्या पायाच्या आल्या, आणि त्या तशा आल्या नव्हत्या, मी निवडून दिल्या. गिरणीबद्दल आम्ही दोघींनी एक शब्द काढला नाही.

आमचे हे आयुष्यभर तसेच राहिले. आमटीला नाइस, आजारपणातल्या पेजेला नाइस, एकदा मी रागानं मीठच घातलं नाही, त्यालाही नाइस. भांडायची सोयच नव्हती. माझ्या हाताला चव आहे की नाही हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. ते कळायचं सासूबाईंकडून, पहिल्या घासाला, सगळ्यांसमोर. त्या गेल्या तेव्हापासून माझा स्वयंपाक सुधारला की बिघडला, सांगता येणार नाही. नातीनं परवा कॉबलर समोर ठेवलं, मुलगा-सून दोघं “अमेझिंग” म्हणाले, मी म्हणाले मधे कच्चं आहे. सून माझ्यावर डोळे वटारत होती, पण पोरीनं भांडं उचललं आणि परत आत ठेवलं. आता ती पहिला चमचा मला देते. बाकीच्यांना मागून.

लग्नानंतर अबुधाबीच्या घरात पहिल्यांदा शिरले तो दिवस सांगते आणि थांबते. लग्नासाठी शारजाहून निघताना ताईनं मला एकच वस्तू दिली होती, तिच्या ओव्हनातला तवा. न बोलता दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. बहुतेक तिला तो डोळ्यांसमोर नको होता. मी तो गावी नेला आणि लग्नानंतर विमानातून मांडीवर परत आणला. स्वयंपाकघर मोठं होतं, कंपनीचं, पांढरं, आणि मधोमध ताईच्या ओव्हनाच्या दुप्पट मोठा ओव्हन. मी म्हटलं, झालं, इथे आता खरंच भाजावं लागणार. भीतभीत दार उघडलं. वरच्या जाळीवर परात, खाली खलबत्ता, दोन कढया, कुरडयांचा डबा, आणि कोपऱ्यात घड्या घातलेल्या पिशव्या.

“बघतेस काय?” सासूबाई मागून म्हणाल्या. “खालचा खणही भरलाय.”

मी कढया थोड्या सरकवल्या, माझा तवा आत ठेवला आणि दार लावून घेतलं.